झडतीबाईंचा जॅम

झडतीबाई हे नाव त्यांना कारखान्यातल्या बायकांनी ठेवलं, आणि ते त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून फार जपलं. पहिल्या आठवड्यातच ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांना राग वगैरे आला नाही. शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्याच्या गेटवर, बायकांच्या रांगेच्या तोंडाशी, त्यांनी अख्खी नोकरी काढली. भोंगा झाला की एकेक बाई पुढे येऊन दोन्ही हात बाजूला पसरायची, झडतीबाईंचे हात तिच्या खांद्यांपासून कमरेपर्यंत फिरायचे, मग पिशवी, मग डबा, मग केसांचा अंबाडा. अंबाड्यात रिळं सापडायची. डब्याला दुहेरी तळ करून बटणं नेणारीही एक निघाली होती, आणि तिच्या कारागिरीचं कौतुक झडतीबाई निवृत्त झाल्यावरही करत असत. ‘आमची बाई आरशासमोर उभी राहिली तर आरशातलीचीही पिशवी बघेल,’ असं बायका म्हणायच्या. हेही त्यांच्या कानावर गेलं होतं.

गेटवरचा संशय गेटवर ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. नवरा लोकांची घरं रंगवायचा. बिचारा दारातच खिसे उलटे करून आत यायचा, म्हणजे पुढची उलटतपासणी वाचायची. तो आजारी पडून गेला तेव्हा झडतीबाईंनी डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारलं, ‘नीट बघितलंत ना?’ डॉक्टर वैतागला. पण त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घालायचं धाडस त्यांना झालं नाही, हे मात्र डॉक्टरला माहीत नव्हतं. मुलगा तेव्हा शिकाऊ न्हावी होता. पुढे त्याने घराच्या खालीच स्वतःचं सलून टाकलं. खाली सलून, वर घर. वर खुर्ची सरकल्याचा आवाज खाली ऐकू यायचा आणि खालची कात्री वर.

निवृत्तीनंतर झडतीबाईंच्या हातांची मोठी पंचाईत झाली. तपासायला काही उरलंच नाही. दूधवाल्याचं माप तपासून झालं, भाजीवाल्याचा तराजू तपासून झाला, दोघंही सकाळी त्यांचं दार आलं की आपोआप सरळ उभे राहू लागले. अशात एका सकाळी पावाला लावायचा दुकानातला जॅम त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

“यात फळ कुठंय?” त्यांनी मुलाला विचारलं.

“आई, जॅम आहे तो. असंच असतं.”

“बी नाही, साल नाही, एक रेषा नाही. रंग मात्र असा की जीभ दुपारपर्यंत लाल. फळाचं नाव सांगून भलतंच कुणीतरी आत शिरलंय.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून स्ट्रॉबेरी आणली, आणि तिथून पुढे त्यांचं स्वयंपाकघर बदललं.

खरं सांगायचं तर जॅम करणं हे संशयी माणसाचंच काम आहे. भोळ्या माणसाच्या हातून ते होत नाही. फळवाला वर चांगली फळं मांडतो आणि खाली दबलेली, म्हणून पाटी पालथी करायची. साखर बोटांत चोळून बघायची, ओल लागली असेल तर परत. स्ट्रॉबेरीला स्वतःचा चिकटपणा कमी, म्हणून सफरचंदाची सालं आणि गाभे फडक्यात बांधून ती पुरचुंडी पातेल्यात सोडायची. लिंबू पिळायचं. उकळी आली की वर जो गढूळ फेस येतो, ती मळी, ती सारखी काढत राहायची, कारण फळाच्या पोटातली सगळी लबाडी तिथे वर येते असं झडतीबाईंचं मत होतं. आणि झाला झाला असं वाटलं तरी जॅमच्या बोलण्यावर जायचं नाही. फ्रीजमधली गार बशी काढायची, तिच्यावर एक थेंब टाकायचा, बोटाने हलकेच ढकलायचा. थेंब पळाला तर कच्चा आहे. वर सुरकुती पडली तरच खरा.

बाटल्या त्या ओळखीच्यांकडून मागून आणत, उकळत्या पाण्यात बुडवून काढत, आणि कुठल्याही फडक्याने न पुसता उलट्या ठेवून वाळवत. त्यांत गरम जॅम भरायचा, झाकण आवळायचं आणि बाजूला बसून वाट बघायची. जॅम निवत गेला की आतली हवा आखडते आणि झाकणाचं फुगीर पोट आत ओढलं जातं. ते जाताना ‘टक्’ असा आवाज येतो. टक् वाजलं की बाटली बंद झाली, आता तिच्यात हवा नाही, किडा नाही, माणूस नाही. झडतीबाई स्टुलावर बसून एकेका बाटलीचा टक् ऐकायच्या आणि तो ऐकला की त्या बाटलीवरचा त्यांचा संशय कायमचा मिटायचा. साऱ्या जगात या एका आवाजावर त्यांचा विश्वास होता.

असा जॅम चांगला न होऊन सांगतो कुणाला? आधी शेजारणींनी मागितला, मग शेजारणींच्या बहिणींनी. मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पावाच्या टोपल्यांशेजारची एक अख्खी फळी रिकामी करून दिली. त्या फळीवर आपल्या बाटल्या ओळीने उभ्या बघताना झडतीबाईंना जे वाटायचं ते त्यांना नोकरीत कधी वाटलं नव्हतं. जन्मभर त्यांनी लोकांकडून वस्तू काढून घेतल्या होत्या. आता लोक त्यांच्याकडून काहीतरी घेऊन जात होते, खुशीने, आणि जाताना हसत होते. बेकरीवरून जायचं कारण नसलं तरी त्या तिथूनच जायच्या.

म्हणून बेकरीवाला ज्या दिवशी स्वतः जिना चढून वर आला, हातात कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन, त्या दिवशी झडतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. बेकरीवाला लठ्ठ माणूस. उगाच जिने चढणाऱ्यांतला नाही.

“मावशी, वाईट वाटून घेऊ नका,” तो धापा टाकत म्हणाला, आणि कागद उघडला.

जॅमवर पांढरट हिरवी बुरशी होती. लहान मुलाच्या जावळासारखी मऊ.

“ही पहिली नाही,” बेकरीवाला म्हणाला. “आधीच्या मी गुपचूप बदलून दिल्या. पण लोक बोलायला लागलेत. आणखी एक परत आली ना, तर मला फळी रिकामी करावी लागेल. पावाच्या धंद्यात बुरशीचं नाव निघालं की संपलं, तुम्हाला सांगायला नको.”

तो गेल्यावर झडतीबाईंनी कपाट उघडलं. पुढच्या खेपेच्या बाटल्या तिथे लेबलं लावून तयार होत्या. त्यांनी एकेका झाकणाच्या मध्यावर अंगठा दाबला. बंद बाटलीचं झाकण हलत नाही, ते आत ओढलेलंच असतं. पहिलं हललं नाही. दुसरं हललं नाही. तिसरं अंगठ्याखाली टक् करून आत गेलं आणि अंगठा काढताच टक् करून वर आलं. पुढची तर सगळीच तशी. प्रत्येकीचा टक् त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि आता त्या उघडून पुन्हा बंद केलेल्या होत्या.

बाहेरचं कुणी या कपाटाशी येत नव्हतं. म्हणजे चोर घरातच होता.

झडतीबाईंना धक्का बसला असं म्हणता येणार नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी त्यांना अंगात तरतरी आल्यासारखं वाटलं. घरात माणसं तीन. एक त्या स्वतः. दुसरा मुलगा, पण त्याला गोड आवडत नव्हतं. लहानपणी चॉकलेट दिलं तर परत आणून देणारा मुलगा तो. राहिली सून.

सून दाताच्या डॉक्टरकडे काम करायची. येणाऱ्या पेशंटचं नाव घ्यायचं, फोन उचलायचा, अवजारं उकळायची. शांत, नीटनेटकी मुलगी. झडतीबाईंना तिच्यात काही खोट काढता आली नव्हती आणि हेच त्यांना खटकत होतं. ज्या बाईच्या पिशवीत कधीच काही सापडत नाही तिची पिशवी जास्त नीट बघायची, हा गेटवरचा नियम होता. शिवाय दाताच्या डॉक्टरची माणसं जॅमच्या बाजूची कशी असतील? आणि मध्यंतरी एकदा ती म्हणाली होती, “आई, आता थोडं कमी करा ना. किती दगदग.” तेव्हा झडतीबाईंना ते बोलणं काळजीचं वाटलं होतं. आता त्यांनी ते पुन्हा आठवून बघितलं, आणि त्यात पाणी मुरत असल्याचं त्यांना दिसलं. सुनेला कपाट हवं होतं. गॅस हवा होता. जॅमचं नाव खराब झालं की सासू आपोआप खुर्चीत जाऊन बसेल, असा तिचा बेत होता.

त्यांनी कुणाला काही कळू दिलं नाही. नवी खेप केली. टक् ऐकले. मग पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापून प्रत्येक बाटलीला लावल्या, अर्धी पट्टी झाकणावर आणि अर्धी काचेवर, म्हणजे झाकण फिरवलं की कागद फाटणार. बाटल्या कपाटात ठेवल्या. सुनेला पट्ट्या दिसल्या तेव्हा ती म्हणाली, “छान दिसतायत.” झडतीबाईंनी मनात म्हटलं, दिसतीलच.

दोन-तीन दिवसांनी बघतात तर पट्ट्या जशाच्या तशा. पण अंगठा दाबला तर झाकणं टक्-टक् वाजली.

झडतीबाईंनी एक बाटली खिडकीशी नेली. चष्मा पुसला, बाटली नाकाशी धरली, लांब धरली, पुन्हा नाकाशी धरली. शेवटी नखाने चाचपल्यावर कळलं. पट्टी बरोबर झाकणाच्या कडेवर कापलेली होती. कापून, झाकण उघडून, परत लावून, वर पुन्हा डिंकाचं बोट फिरवलेलं. आणि चीर इतकी सरळ, इतकी बारीक की कात्रीने तशी जाणारच नाही. त्याला पातं हवं, पातळ, धारदार, आणि ते धरायची सवय असलेला हात.

दाताच्या डॉक्टरकडे अशी पाती असतात, एवढं झडतीबाईंना माहीत होतं. त्यांच्या पायाखाली, खालच्या सलूनमध्ये, त्याच वेळी मुलगा कुणाची तरी दाढी करत होता, आणि वस्तऱ्याचा चरचर आवाज जिन्यातून वर येत होता. तो त्यांनी ऐकला. पण इतकी वर्षं ऐकलेला आवाज कानात शिरतो, डोक्यात शिरत नाही.

संध्याकाळी सून कामावरून आली. मुलगा अजून खालीच होता. तिने चपला काढल्या, पिशवी टेबलावर ठेवली, आणि झडतीबाई त्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या डॉक्टरकडे पातळ पाती असतात ना गं?”

“असतात की. का?”

“घरी आणायला मिळतात?”

सुनेने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलावर मांडून ठेवलेल्या बाटलीकडे. पट्टीवरची चीर तिला उजेडात लगेच दिसली. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. हुशार मुलगी होती.

“आई, तुम्हाला वाटतंय मी तुमच्या बाटल्या उघडते.”

“मी कुठे तसं म्हटलं?”

“म्हणायचं काय राहिलंय?” ती पुढे आली, झडतीबाईंच्या समोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले. “घ्या. घ्या झडती.”

आणि इथे जे झालं ते झडतीबाई पुढे कुणाजवळ कधीच बोलल्या नाहीत. त्यांना तसं करायचं नव्हतं. पण समोर हात पसरून बाई उभी राहिली आणि त्यांचे हात आपसूक उठले. खांद्यांवर गेले, काखेखालून फिरले, कमरेपर्यंत आले. कमरेशी आल्यावर त्यांना कळलं आपण काय करतोय. सुनेचं अंग त्यांच्या तळव्यांखाली थरथरत होतं, रागाने की रडण्याने ते समजत नव्हतं.

“सापडलं काही?” सुनेने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पिशवी उचलून ती आत गेली.

झडतीबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना फार लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जातो असं थोडंच आहे? तो तसाच राहिला, आणि लाजेमुळे उलट जास्त हट्टी झाला. हीच असली पाहिजे, असं त्यांना आता वाटू लागलं, कारण ही नसली तर आपण जे केलं ते कुठे ठेवायचं?

पुढचे दिवस वाईट गेले. सून लागेल तेवढंच बोलायची. मुलाला ती काही म्हणाली नाही आणि झडतीबाईंनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. मुलगा दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि आज गिऱ्हाईक कोण आलं, कुणाचे केस किती पांढरे झाले, असलं काहीतरी बोलत राहायचा.

मग सलूनचा सुट्टीचा दिवस आला. सून कामाला गेली. झडतीबाईंनी पिशवी उचलली आणि मुलाला म्हणाल्या, “मी साखर घेऊन येते. परवाची ओली निघाली.” त्या जिना उतरल्या, रस्त्यावर चार पावलं गेल्या, आणि एकदम थांबल्या. गेटवर असतानाची एक जुनी गोष्ट त्यांना आठवली. ज्या दिवशी आपण रजेवर असतो त्याच दिवशी चोरी होते. सून घरी नव्हती हे खरं, पण घर रिकामं नव्हतं, आणि रिकामं नसलेलं घर तपासायचं नाही असं कुठे लिहिलंय? त्या मागे फिरल्या. जिन्याच्या खालीच चपला काढून हातात घेतल्या आणि वर चढल्या.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते बोटाने ढकललं.

मुलगा टेबलाशी बसला होता. समोर तीन बाटल्या उघड्या होत्या. कागदाच्या पट्ट्या, डिंकाची बाटली आणि त्याचा वस्तरा नीट ओळीने मांडलेला. त्याच्या तोंडात चमचा होता.

झडतीबाईंना आधी हसू आलं. एवढा बाप्या, आणि चोरून जॅम खातोय. पण त्याचा चेहरा खाणाऱ्याचा नव्हता. औषध घेतल्यासारखं तोंड वाकडं करून त्याने तो गिळला, पाण्याचा घोट घेऊन चूळ भरली, आणि तोच चमचा पुढच्या बाटलीत घातला.

“काय चाललंय?” झडतीबाई म्हणाल्या.

मुलगा दचकला. चमचा टेबलावर पडला.

“काही नाही. बघत होतो.”

“काय बघत होतास?”

न्हाव्याला बोलण्याची सवय असते, पण ती दुसऱ्याच्या डोक्यामागून बोलण्याची. समोर बघून बोलायचं म्हणजे त्याला अवघड जात होतं.

“चांगला आहे का ते,” तो शेवटी म्हणाला. “आई, मागे घड्याळवाले काका दाढीला आले होते. ते म्हणाले, तुझ्या आईच्या जॅमला लव आलीये, हाताने करते म्हणतात ते खरं दिसतंय. सगळे हसले. मी पण हसलो. त्यांनी बाटली आणून दिली. मी त्यांना दुसरी दिली आणि म्हटलं, कुणाला बोलू नका.” त्याने चमचा उचलून पुसला. “तेव्हापासून प्रत्येक खेप जायच्या आधी मी थोडी थोडी चाखून बघतो. म्हणजे वाईट असेल ती आपण काढून टाकू. तुझं नाव खराब व्हायला नको.”

“आणि माझ्या पट्ट्या?”

“मला वाटलं बेकरीवाल्याने सील लावायला सांगितलंय. म्हणून जपून कापत होतो.”

झडतीबाई खुर्चीत बसल्या. त्यांना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. राग होताच. पण त्याच्या आधी, सुनेच्या कमरेवरचे आपले हात त्यांना आठवले.

“अरे शहाण्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तूच नासवलास.”

“मी?”

त्यांनी त्याला झाकण दाखवलं. बंद बाटलीचं आत गेलेलं पोट दाखवलं, मग त्याने उघडून बंद केलेली बाटली त्याच्या अंगठ्याखाली दिली. टक् आत, टक् बाहेर. एकदा हवा आत गेली की गेली, कितीही घट्ट आवळलं तरी ती बाहेर येत नाही. त्यात एकच उष्टा चमचा सगळ्या बाटल्यांतून फिरलेला. मुलगा ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. चांगली आहे का ते बघायला त्याने ज्या ज्या बाटल्या उघडल्या, त्या त्या नासल्या होत्या. आणि नासल्या म्हणून त्याने आणखी उघडल्या होत्या.

“म्हणजे मीच फळी घालवली तुझी,” तो म्हणाला.

“घालवली नाहीस अजून.” झडतीबाईंचा जीव भांड्यात पडला होता. जॅम निर्दोष होता. हात निर्दोष होते. बेकरीवाल्याला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची वाक्यंही त्यांच्या मनात तयार होऊ लागली. आणि ती तयार होता होता मध्येच अडली.

आयुष्यभर त्यांनी बायकांच्या कहाण्या ऐकल्या होत्या. रीळ पिशवीत कसं आलं याच्या. चांगली कहाणी कुठे फाटलेली असते ते त्यांना लगेच कळायचं. हीही फाटलेली होती.

“घड्याळवाल्याची बाटली,” त्या म्हणाल्या. “ती तू उघडली होतीस?”

“नाही. तेव्हा मी कुठे चाखत होतो? त्यांच्यामुळेच तर सुरू केलं.”

“मग ती कशाने नासली?”

मुलाने उघड्या बाटल्यांकडे बघितलं.

“कुठंय ती?”

ती खाली सलूनमध्ये होती. पावडरच्या डब्यांमागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. त्याने ती टाकली नव्हती, कारण कचऱ्याचा डबा आई रोज बघते हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती वर आणली. आतलं सारं काळं हिरवं झालेलं होतं. झडतीबाईंनी ती खिडकीशी नेली. झाकणाला पोचा नव्हता. काचेला तडा नव्हता. झाकण सरळ बसलेलं होतं. बाटली नाकाशी धरली, लांब धरली. कुठे काही नव्हतं.

“बाटली ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “घड्याळवाल्यानेच उघडी ठेवली असेल. खोटारडा आहे तो, मला पहिल्यापासून संशय होता.”

सून दुपारी जेवायला घरी आली तेव्हा ती बाटली टेबलाच्या मधोमध होती आणि दोघं मायलेक तिच्याकडे बघत बसले होते. मुलाने तिला सगळं सांगितलं. चमचा, वस्तरा, झाकणं. सून ऐकत राहिली. त्या पहिल्या बाटलीचं तिला आधीपासून माहीत होतं; नवऱ्याने सांगितलं होतं आणि आईंना कळू देऊ नको असंही सांगितलं होतं. म्हणूनच ती थोडं कमी करा म्हणाली होती. झडती देताना तिला एक वाक्य बोलता आलं असतं, तुमचाच जॅम नासतो म्हणून. ती ते बोलली नव्हती. झडतीबाईंना हे त्या क्षणी समजलं आणि त्यांनी मान खाली घातली.

सुनेने झाकण उघडलं. वास आला तशी तिने मान वळवली, मग बाटली उजेडात तिरपी धरून तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने झडतीबाईंचा हात हातात घेतला, त्यांचं बोट धरलं आणि बाटलीच्या काठावरून हळूच फिरवलं.

काठ गुळगुळीत होता. मग एके ठिकाणी खरखरीत लागला. मग पुन्हा गुळगुळीत.

बोटाने ते ओळखलं. जॅमचा एक धागा. भरताना काठावर सांडलेला, न पुसता तसाच राहिलेला, झाकणाखाली वाळून गेलेला. झाकण बसलं होतं, टक्‌सुद्धा वाजलं होतं, पण त्या धाग्याच्या शेजारून हवेने हळूहळू वाट काढली होती. झाकण लावायच्या आधी काठ पुसायचा असतो, हे जॅम शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात. झडतीबाई प्रत्येक काठ पुसायच्या. पुसून डोळ्यांनी बघायच्या. हाही त्यांनी बघितला होता आणि साफ आहे म्हणून पुढे सरकवला होता.

“मला दिसला नाही,” त्या म्हणाल्या. “आत्तासुद्धा दिसत नाहीये.”

ज्या डोळ्यांपुढून शर्टाचं बटण निसटत नव्हतं ते डोळे आता त्यांना फसवत होते, आणि किती दिवसांपासून, ते सांगता येत नव्हतं. जगातल्या एकूण एक माणसावर त्यांनी संशय घेतला होता. स्वतःवर घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या बेकरीत गेल्या. मुलगा बरोबर येतो म्हणाला, त्याला त्यांनी येऊ दिलं नाही. फळीवरच्या सगळ्या बाटल्या त्यांनी स्वतः खाली उतरवल्या, चांगल्या असतील त्यासुद्धा. बेकरीवाला म्हणाला, मावशी एवढं काही नाही, फक्त त्या खराब निघाल्या तेवढ्याच. त्या म्हणाल्या, “तू विश्वासाने ठेवल्यास. मी तपासल्याशिवाय दिल्या.” फळी पुसून दिली आणि म्हणाल्या, “पावाची टोपली ठेवू नकोस यावर. पुन्हा भरीन. भरली नाही तर मग ठेव.”

पण घरी आल्यावर त्यांनी पातेलं काढलं नाही. दिवसामागून दिवस गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मुलगा ओढून घेऊन गेला, मोतीबिंदू आहे, काढावा लागेल, असं डॉक्टरने सांगितलं, तर बाहेर आल्यावर झडतीबाई म्हणाल्या, “त्याला ऑपरेशन करायचंच होतं कुणाचं तरी. आत जाताना बघितलंस ना कसा बघत होता माझ्याकडे.” तेवढं ऐकून मुलाला बरं वाटलं. बाकी त्या गप्पच असायच्या. बाजारात आलुबुखार आले, लालजांभळे, आणि गेलेही असते. फळवाल्याने दोनदा विचारलं, यंदा पाटी पालथी करायला कुणी आलं नाही म्हणून.

एका रविवारी सुनेने कुणाला न विचारता फळं आणली आणि टेबलावर ओतली. आणली ती नीट बघून आणली होती. एकही दबलेलं नव्हतं. झडतीबाईंनी सवयीने प्रत्येक फळ दाबून बघितलं तरी नव्हतं.

“मला ढवळता येत नाही,” सून म्हणाली. “तुम्ही नसाल तर हे सगळं फुकट जाईल.”

झडतीबाई उठल्या. पातेलं चढलं. मळी निघाली, थेंब गार बशीवर पळाला, मग पळायचा थांबला, मग त्याच्यावर सुरकुती पडली. ती सुरकुती त्यांना बोटाखाली कळली. गरम जॅम त्या पळीने बाटल्यांत ओतत होत्या आणि सून ओल्या स्वच्छ फडक्याने एकेक काठ पुसत होती. पहिली बाटली पुसून तिने झडतीबाईंसमोर सरकवली आणि ती हात मागे घेऊन थांबली. त्यांचं बोट फिरण्याची ती वाट बघत होती, हे उघड होतं.

झडतीबाईंचं बोट उठलंसुद्धा. काठाच्या अगदी जवळ गेलं.

“तू पुसलंस ना?” त्यांनी विचारलं.

“पुसलं.”

झडतीबाईंनी बोट मागे घेतलं, झाकण उचललं आणि त्या बाटलीवर आवळून बसवलं. मग दुसऱ्या बाटलीसाठी हात पुढे केला.